वीस मिनिटं पुढे

सोमवार, ४ डिसेंबर २०१७. जळगाव जामोद.

ही वही मी मुद्दाम लिहायला घेतली आहे. उद्या कोणी विचारलं की शेतकरी संघाचा नवा सर्व्हर कोणी उभा केला, तर नाव सांगायला दहा जण पुढे येतील, म्हणून पुरावा असावा. मी, शेख हैदर, संघाचा कॉम्प्युटर ऑपरेटर. आधी रेडिओ दुरुस्त करायचो, मग टीव्ही, आणि बावीस वर्षांपासून संघात आहे. पदवी नाही, पण संघातलं एकही मशीन असं नाही जे माझ्या हातानं उघडलं गेलेलं नाही.

मशीन आज संध्याकाळी आलं. लोखंडी कपाटाएवढा खोका, उचलायला चार माणसं लागली. सहदेवनं, म्हणजे आमच्या शिपायानं, नारळ फोडला, हळदकुंकू लावलं. मग मी नेहमीचा विधी केला. मशीन चालू केलं आणि त्याचं घड्याळ भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवलं. संघाचं घड्याळ वीस मिनिटं पुढे असतं. मी नोकरीला लागलो तेव्हाही ते पुढेच होतं. कर्मचाऱ्यांनी उशिरा येऊ नये म्हणून आमचे तेव्हाचे मॅनेजर पंजाबराव यांनी ते तसं केलं असणार. मोठे शिस्तीचे होते. तेव्हापासून संघातल्या प्रत्येक मशीनचं घड्याळ मी स्वतः त्याच्याशी मिळवत आलो आहे. माझ्या मनगटावरचं घड्याळ मात्र मशिदीच्या वेळेचं. नोकरीची वेळ भिंतीवर, नमाजाची हातावर. त्यात माझा कधी गोंधळ झालेला नाही.

बुधवार, ६ डिसेंबर

काम काय आहे ते लिहून ठेवतो, कारण अध्यक्षांना तीनदा सांगूनही समजलेलं नाही.

जूनमध्ये संघानं बीटी कपाशीचं बियाणं वाटलं. १,१४६ शेतकऱ्यांनी आमच्याकडून पाकिटं नेली. मी खिडकीत बसून बिलं फाडली, पाऊस लवकर यावा म्हणून लोक माझ्याशीच बोलत होते, जणू तो माझ्या हातात आहे. आता सगळ्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या उभ्या पिकात, गुलाबी बोंडअळी शिरली आहे. बोंड फोडलं की आत अळी. लोकांनी उभ्या शेतात जनावरं सोडली. पंचनामे चालू झाले आहेत आणि भरपाईच्या अर्जाला बियाण्याचं बिल लागतं, त्यावरचा लॉट नंबर लागतो. निम्म्याहून जास्त लोकांकडे बिल नाही. ते सगळं आमच्या जुन्या सर्व्हरमध्ये आहे, आणि तो सर्व्हर मरायला टेकला आहे. सकाळी थंड असताना दोन तास चालतो, मग आतून टकटक आवाज येतो आणि पडदा गोठतो. दोन दिवसांत चाळीस बिलं निघाली. शुक्रवार, बावीस तारखेला तालुक्याच्या कार्यालयात शिक्क्यासह यादी आणि बिलांच्या प्रती द्यायच्या आहेत.

उपाय मी शोधला. नव्या सर्व्हरवर हायपरवायझर नावाचं सॉफ्टवेअर बसवलं आहे. एका मोठ्या गोदामात पडदे लावून कप्पे पाडावेत आणि प्रत्येक कप्प्याला वाटावं की गोदाम आपलंच आहे, असं त्याचं काम. त्यातल्या एका कप्प्यात जुना सर्व्हर जसाच्या तसा उचलून ठेवायचा. उचलण्याचं काम करतं दुसरं एक सॉफ्टवेअर, सर्व्हरचा कारभारी म्हणा. ते पुण्याच्या कंपनीनं वेगळ्या कॉम्प्युटरवर घालून पाठवलं आहे. कारभाऱ्याला गोदामाची किल्ली मिळाली की झालं. एवढंच जोडायचं आहे.

अर्जुनराव, आमचे अध्यक्ष, जुनी डिस्क काढून बाहेरच्या लोकांकडे पाठवा म्हणत होते. त्यांची मुदत पंधरा दिवसांची, म्हणजे तारीख गेलीच. मी भर बैठकीत म्हणालो, मी करून देतो. सगळे माझ्याकडे बघायला लागले. ते मला फार आवडलं.

शुक्रवार, ८ डिसेंबर

जोडणी होत नाही. कारभारी आपलं ओळखपत्र दाखवून किल्ली मागतो, हायपरवायझर म्हणतं, ओळखपत्राची मुदत संपली आहे. अरे, ओळखपत्र एका मिनिटापूर्वी तयार झालं! अकरा वेळा केलं. अकरा वेळा तेच.

सोमवार, ११ डिसेंबर

केबल बदलली. स्विच बदलला. पासवर्ड बदलला, तो लिहून ठेवलेला कागद हरवला, म्हणून परत बदलला.

पुण्याच्या इंजिनिअरला फोन लावला. पोरगा हुशार असेल, पण माझं बोलणं ऐकून हसू दाबतो. मी म्हणालो, "साहेब, लिंक जाऊन राह्यली, पण आत घेऊन नाई राह्यलं." त्यानं ते दुसऱ्या कोणाला तरी म्हणून दाखवलं, मला ऐकू आलं. मग त्यानं एकेक गोष्ट विचारली. आयपी पत्ता, बरोबर. पोर्ट, उघडा. दोन्ही मशीनची वेळ? मी छातीठोकपणे सांगितलं की सर्व्हरची वेळ मी स्वतः घड्याळ समोर ठेवून मिळवली आहे, सेकंदाचा फरक निघाला तर नाव बदलीन. तो म्हणाला, मग तो प्रश्न नाही, पुढे जाऊ.

कारभाऱ्याचा कॉम्प्युटर तेवढा वाह्यात आहे. त्याचं घड्याळ मी दोनदा भिंतीशी मिळवलं, इंटरनेट लागलं की ते आपोआप मागे जातं. पुण्याहून आलेल्या वस्तूला आपल्याकडची शिस्त लागायला वेळ लागतो. सवडीनं बघेन.

मंगळवार, १२ डिसेंबर

रुक्मिणीबाई आज पुन्हा आल्या. सातपुड्याच्या पायथ्याला उमरझिरा म्हणून गाव आहे, तिथल्या. साठीच्या असतील, पाच एकर स्वतः कसतात. बिल त्यांनी पदराच्या गाठीत बांधलं होतं आणि ते लुगड्याबरोबर धुतलं गेलं. आठ दिवसांत चौथी फेरी. भांडत नाहीत. बाकावर बसतात, संध्याकाळी उठून जातात. जाताना म्हणाल्या, "तुमीच देल्लं होतं मले पाकिट, हैदरभाई. म्हणले होते, यंदा फवारा कमी लागन."

म्हणालो होतो खरं. पाकिटावर छापलं होतं तेच वाचून दाखवलं होतं. पण आवाज माझा होता. जेवण गेलं नाही आज.

गुरुवार, १४ डिसेंबर

जुना सर्व्हर आज पन्नास मिनिटंच चालला.

अर्जुनरावांनी खोलीत बोलावून दार लावलं. म्हणाले, मंगळवारपर्यंत झालं नाही तर ते स्वतः तालुक्याला जाऊन सांगतील की संघाकडे बिलं नाहीत. मी विचारलं, मग त्या लोकांचं काय? ते म्हणाले, "ते तुमीच सांगजा त्याईले. बैठकीत लय मोठ्यानं बोलले होते ना." बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मला जमेल का? हा प्रश्न मी बावीस वर्षांत पहिल्यांदा लिहितो आहे. टीव्ही बिघडला तर मागून उघडून पाहता येतो, कुठे जळलंय ते वासानं कळतं. याला मागची बाजूच नाही.

रविवार, १७ डिसेंबर

सुट्टी असूनही संघात जायला निघालो. दुपारी माझ्या बायकोच्या, अमीनाच्या भावाकडे दावत होती, म्हणून तिला म्हणालो, एक वाजता येतो.

तिनं नेहमीप्रमाणे विचारलं, "कौनसी घडीसे?"

लग्नाला सतरा वर्षं झाली, हा प्रश्न रोजचा आहे. आज मात्र मी भडकलो. म्हणालो, इथे जगबुडी व्हायची वेळ आली आहे आणि तुला घड्याळाचं पडलंय. ती भाकरी थापत होती, तिनं मान वर केली नाही. म्हणाली, संघाच्या घड्याळानं एक म्हणजे आमचे बाराचाळीस, भाऊ वाट बघतो म्हणून विचारलं. मशीनचं रडगाणं ती रोज रात्री ऐकते, म्हणून पुढे विचारलं, "मशीनकू कौनसी घडी बताए?"

"संघाची. अजून कोणती?"

"और वो पुनेवाली?"

एक पाय बुटात आणि एक बाहेर, असा मी उंबऱ्यात उभा राहिलो. पुण्याच्या कॉम्प्युटरला इंटरनेट खरी वेळ सांगतं. तो बारा वाजता ओळखपत्र देतो, पाच मिनिटं चालेल म्हणून. सर्व्हरला मी वीस मिनिटं पुढे नेऊन ठेवलेला. त्याच्या हिशोबानं ते ओळखपत्र हातात येतं तेव्हाच शिळं झालेलं असतं. तो बिचारा दहा दिवस खरं बोलत होता.

मी अमीनाला म्हणालो की मलाही कालपासून तेच वाटत होतं. तिनं पुढची भाकरी थापायला घेतली.

दावतीला गेलो नाही. संघात जाऊन सर्व्हरचं घड्याळ वीस मिनिटं मागे घेतलं. ही वेळ मीच बसवली होती, मीच मोडली. बटण दाबलं. हिरवी खूण आली. पडद्यावर आमच्या सर्व्हरचं नाव दिसलं, कारभाऱ्याच्या यादीत, पहिलं. खोलीत कोणी नव्हतं, म्हणून मी स्वतःलाच शाबास म्हणालो.

मंगळवार, १९ डिसेंबर

झालं. झालं. झालं. आता नीट लिहितो.

जुना सर्व्हर उचलायला कारभाऱ्यानं पाच तास सांगितले. सर्व्हर तासभरही तग धरत नव्हता. काल दिवसभर डोकं खाजवलं. मग माळ्यावरून उन्हाळ्यातला कूलर उतरवला, सहदेवनं टाकीत पाणी भरलं, सर्व्हरच्या पोटाचं पत्र्याचं झाकण काढलं आणि ओल चढू नये इतक्या अंतरावरून वारा सोडला. डिसेंबरची सकाळ, बाहेर लोक शेकोटी करतात आणि आम्ही कूलर लावून बसलेलो. सहदेवनं घोंगडी पांघरली, मी दोन स्वेटर घातले. त्यानं विचारलं, "हे मशीन जगवून राह्यलो का आपुन मरून राह्यलो?"

सत्तर टक्क्यांवर टकटक सुरू झाली. मी काही करू शकत नव्हतो. आवाज थांबला तर संपलं, म्हणून तो आवाज चालू राहावा म्हणून दुवा मागितली. उभं आयुष्य खराब आवाज बंद करण्यात गेलं, आज उलटं मागत होतो. दोन वाजून दहा मिनिटांनी शंभर टक्के झाले. चार मिनिटांनी जुना सर्व्हर बंद पडला आणि आता कधीच चालू होणार नाही.

नव्या गोदामाच्या कप्प्यात तो उठून बसला. तोच निळा पडदा, तीच जूनची बिलं. पहिलं बिल छापून अर्जुनरावांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, काढला, परत लावला. मग उठून माझे दोन्ही हात धरले. पुण्याच्या इंजिनिअरला फोन करून काय चुकलं होतं ते सांगितलं. तो आज हसला नाही. म्हणाला, सर, हे मी माझ्या टीमला सांगू का? सांगा म्हणालो, नाव मात्र बरोबर सांगा.

बुधवार, २० डिसेंबर

दिवसभर छपाई. गावागावाचे गठ्ठे लावतो आहोत.

दुपारी अर्जुनरावांनी सगळ्यांना बोलावलं आणि मला बोलायला लावलं. मी चांगलं अर्धा तास बोललो. म्हणालो, चूक मशीनमध्ये नव्हती, चूक या भिंतीवर टांगलेली आहे, आणि जग कुठे गेलं तरी आपण खोटी वेळ मिरवत बसलो आहोत. टाळ्या पडल्या. अर्जुनरावांनी तिथल्या तिथे हुकूम दिला आणि सहदेवनं स्टुलावर चढून काटे वीस मिनिटं मागे फिरवले. आज संघात पहिल्यांदा भिंत आणि माझं मनगट एक झालं. मला फार बरं वाटलं.

गुरुवार, २१ डिसेंबर

आजचं लिहायला जड जातंय.

सकाळपासून बिलवाटप. लोक सही करून घेत होते, काही जण अंगठा देत होते, प्रत्येक जण बिलाकडे बघून घडी घालत होता. पायथ्याच्या गावांचे गठ्ठे शेवटी आले. रुक्मिणीबाईंच्या हातात बिल दिलं तेव्हा भिंतीवर पाचला दहा कमी होते. त्यांनी ते पदरात न बांधता पोलक्यात ठेवलं. घड्याळाकडे पाहिलं आणि निवांत बाकावर बसल्या. त्यांच्या भागातले अजून सहा जण तसेच बसले. मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक म्हणून थांबलेत.

साडेपाचला ते सगळे एकदम उठले आणि स्टँडकडे गेले. मी कुलूप लावून, मगरिबची नमाज पढून स्टँडवरून निघालो तर रुक्मिणीबाई एकट्याच फलाटावर उभ्या. पायथ्याची शेवटची गाडी पाच-वीसला सुटते. बाकीचे सहा जण कोणाकोणाच्या नातेवाइकांकडे गेले होते, यांचं गावात कोणी नव्हतं. मी त्यांना घरी घेऊन आलो. अमीनानं काही न विचारता चुलीवर पाणी ठेवलं.

जेवताना त्यांनी अमीनालाच सांगितलं, माझ्याकडे न बघता. चोवीस वर्षांपूर्वी त्या आणि दहा-बारा बाया संघात सरकी न्यायला आल्या होत्या. वाटप साडेपाचपर्यंत चालायचं, गाडी निघून गेली, लेकरं घरी आणि या सगळ्या रात्रभर स्टँडवर. दुसऱ्या दिवशी पंजाबरावांनी वरच्यांकडे संघ लवकर बंद करायची परवानगी मागितली, मिळाली नाही. "मंग त्यायनं घड्याळच पुढं केलं. आमाले म्हणे, संघाच्या घड्याळात साडेपाच झाले का उठजा, गाडी भेटते म्हणजे भेटते. तवापासून भेटे."

मी विचारलं, घड्याळ पुढे आहे हे तुम्हाला माहीत होतं?

"हाव. साऱ्या पायथ्याले ठाऊक हाय. तुमालेच नोतं का?"

बावीस वर्षं मी त्या घड्याळाखाली बसलो. त्या शिस्तीचं कौतुक केलं, ती मशीनमशीनला लावली, आणि ती कोणासाठी होती हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. काल टाळ्या घेतल्या. लाज वाटते.

शुक्रवार, २२ डिसेंबर

सकाळी पहिल्या गाडीनं रुक्मिणीबाई गेल्या. अमीनानं त्यांना बिलासाठी प्लास्टिकची पिशवी दिली आणि तिला गाठ मारून दिली.

साडेअकरा वाजता अर्जुनराव आणि मी तालुक्याच्या कार्यालयात होतो. १,१४६ नावं, १,१४६ बिलं, एकही लॉट नंबर कोरा नाही. तिथल्या बाईंनी मधूनमधून पन्नासेक तपासली आणि शिक्का मारला. त्या म्हणाल्या की एवढी पुरी यादी अजून कोणाची आलेली नाही. अर्जुनरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आमच्या हैदरभाईनं केलं." बाहेर येईपर्यंत मी ताठ चाललो, बाहेर आल्यावर डोळे पुसले. भरपाई किती मिळेल, कधी मिळेल, ते माझ्या हातात नाही. पण बिल नव्हतं म्हणून आमच्या कोणाचा अर्ज परत येणार नाही.

संघात आल्यावर मी स्टूल ओढलं आणि स्वतः चढलो. काटे वीस मिनिटं पुढे घेतले. अर्जुनराव दारात उभे होते. म्हणाले, "काऊन हो? परवाच त बरोबर केलं."

मी म्हणालो, "मशीनचं बरोबरच ठेवलं साहेब. हे मशीनसाठी नाई हाय." आणि खाली उतरून त्यांना कालची सगळी हकीकत सांगितली. ते घड्याळाखाली येऊन उभे राहिले. मग सहदेवला म्हणाले की काच पुसून घे, धूळ बसली आहे.

संध्याकाळी भिंतीवर साडेपाच झाले. बाकावर पायथ्याचे नऊ जण होते. उठले, पिशव्या घेतल्या, गेले. माझ्या हातावर पाच-दहा. मी दारात उभा राहून त्यांना स्टँडच्या वळणापर्यंत पाहिलं. गाडी पाच-वीसला सुटली, तिचा हॉर्न संघापर्यंत ऐकू येतो. इतकी वर्षं येत असणार, आज ऐकला.

ही वही मी पुराव्यासाठी लिहायला घेतली होती, तर पुरावा पुरा असावा. सतरा तारखेच्या पानावर मी अमीनाला म्हणालो की मलाही तेच वाटत होतं. ते खोटं आहे. घड्याळाची चूक तिनं पकडली, भाकरी थापता थापता. आता तिला हे पान वाचून दाखवणार आहे.

बाकी जे कोणी वाचतील त्यांनी एवढं लिहून घ्यावं. सर्व्हरची वेळ बरोबर करणारा शेख हैदर. आणि भिंतीवरची पुढे करणाराही तोच.